‘नरो वा कुंजरो वा’ आणि कोपऱ्यातली चांदणी

प्रश्न असा आला आहे: ‘जाहिरातीत वाढवून सांगतात हे आता शेंबड्या पोरालाही कळतं. तरी जाहिराती चालतात कशा? पटवण्याच्या नेमक्या काय युक्त्या असतात? मला त्या माहीत असतील तर मी त्यांना फसणार नाही ना? आणि माझ्या सात वर्षांच्या मुलीला हे कसं समजावू?’

२२ वर्षं मी जाहिरातींची कॉपी, म्हणजे त्यातला मजकूर, लिहिते आहे, त्यामुळे थोडं मोठं उत्तर देते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधीच सांगून टाकते: फसाल. मीही फसते.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की पटवणं म्हणजे जोरात आणि गोड बोलणं. आमच्याकडे नवा मुलगा कॉपी लिहायला आला की पहिल्या वर्षात त्याला उलटंच शिकावं लागतं. काय सांगायचं नाही, कुठे थांबायचं, हे तो शिकतो. चांगली जाहिरात वाक्य अर्ध्यावर सोडते आणि उरलेलं तुम्ही मनातल्या मनात पूर्ण करता. दुसऱ्याने केलेल्या दाव्यावर माणूस शंका घेतो. स्वतः काढलेल्या निष्कर्षावर कोण घेतो? ‘अश्वत्थामा हतः’ एवढंच मोठ्याने म्हणायचं असतं. कोणता अश्वत्थामा, हे द्रोणाचार्यांनी स्वतःच ठरवलं.

एक वाक्य घेऊ. मीच आत्ता बनवलेलं आहे, पण असली शेकडो तुम्ही वाचली असतील: ‘चाचणीत सिद्ध! १४ दिवसांत केसगळती ८० टक्क्यांपर्यंत कमी.’ शेवटी वर एक बारीकशी चांदणी (*).

‘चाचणीत सिद्ध’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट, प्रयोगशाळा आणि शेकडो माणसं उभी राहतात. वाक्यात यातलं काहीही नाही. ‘पर्यंत’ हा आमच्या धंद्यातला सोन्याचा शब्द. ८० टक्क्यांपर्यंत म्हणजे एखाद्या डोक्यावर ८० आणि बाकीच्यांवर १० आले तरी वाक्य खरंच राहतं. तुम्ही मात्र ‘पर्यंत’ गिळून ८० लक्षात ठेवता. ‘कमी’ म्हणजे कशापेक्षा कमी, ते तर सांगितलेलंच नाही. ते तुम्ही भरता: माझी आत्ता जेवढी गळती होते आहे तिच्यापेक्षा.

आता चांदणीचा माग काढत खाली या. ‘तुटल्यामुळे होणारी केसगळती. कंडिशनर नसलेल्या शाम्पूच्या तुलनेत.’ सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. मुळापासून गळणारा केस आणि विंचरताना मध्येच तुटणारा केस या दोन वेगळ्या गोष्टी. कंडिशनरचा थर केसावर बसला की कंगवा सहज फिरतो, गुंता कमी होतो आणि केस कमी तुटतात. हे साधं आहे आणि खरंही आहे. फक्त, ज्याला टक्कल पडण्याची धास्ती आहे त्याच्या प्रश्नाशी याचा काही संबंध नाही. एकही शब्द खोटा न लिहिता आपण त्याला बाटलीपर्यंत आणलं. कोपऱ्यातली ती चांदणी म्हणजे आमचं हलक्या आवाजातलं ‘नरो वा कुंजरो वा’.

असे शब्द आणखीही आहेत. ‘मदत करतं’ हा शब्द बहुतेक वेळा कायदेशीर विभागाकडून येतो. मी लिहिते ‘डाग घालवतं’, तिकडून कागद परत येतो तो ‘डाग घालवायला मदत करतं’ होऊन. आणि ऐकणाऱ्याला ‘मदत’ ऐकूच येत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं आणि मलाही. ‘अधिक पांढरं’, ‘दुप्पट ताकद’, ‘नवं आणि सुधारित’ ही तुलनेची लंगडी रूपं, दुसरा पाय गायब. टक्केवारीचं तर विचारूच नका. ब्रिटनमध्ये ८० टक्क्यांहून जास्त दंतवैद्य आमच्या टूथपेस्टची शिफारस करतात असं कोलगेटने फलकांवर लिहिलं होतं. तिथल्या जाहिरात मानक संस्थेने २००७ मध्ये ते थांबवायला लावलं. सर्वेक्षणात दंतवैद्यांना एकाहून जास्त नावं घ्यायची मुभा होती, आणि एका स्पर्धक ब्रँडचं नाव जवळपास तितक्याच जणांनी घेतलं होतं. वाचणाऱ्याने गणित केलं की उरलेल्या २० टक्क्यांतच बाकी सगळे आले. ते गणित जाहिरातीत कुठेच मांडलेलं नव्हतं.

यावर तुम्ही म्हणाल, मग ही सगळी शब्दांची मखलाशीच. सगळी नाही. याच रिकाम्या जागेचा अगदी प्रामाणिक वापरही होतो, आणि त्याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. क्लॉड हॉपकिन्स हा अमेरिकेतला कॉपीरायटर श्लिट्झ बिअरचं काम करत होता. तेव्हा प्रत्येक कंपनी ‘शुद्ध’ एवढा एकच शब्द मोठ्यात मोठ्या अक्षरांत छापत होती. हॉपकिन्स कारखाना बघायला गेला. तिथे काचेच्या खोल्यांमधून थंड होणारी बिअर, लाकडाच्या लगद्यातून गाळण्याची सोय, चार-चार वेळा यंत्राने धुतल्या जाणाऱ्या बाटल्या, खोल विहिरींचं पाणी हे सगळं पाहून तो चाट पडला. हे लोकांना का सांगत नाही, असं त्याने विचारलं. उत्तर आलं, त्यात काय सांगायचं, सगळेच असं करतात. त्याने तेच सगळं तपशिलाने लिहिलं. त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे पाचव्या क्रमांकावरची श्लिट्झ काही महिन्यांत पहिल्या क्रमांकाच्या बरोबरीला आली.

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. ‘फक्त आमच्याकडेच’ असं त्याने लिहिलंही नसेल. ‘फक्त’ वाचकाने जोडला. म्हणून तुम्हाला युक्ती ओळखायची असेल तर माझ्या मते सर्वांत धारदार कसोटी ही आहे: समोरचं वाक्य शेजारच्या स्पर्धक कंपनीच्या तोंडी घालून बघा. तिथेही ते तितकंच खरं ठरत असेल, तर जाहिरातीने तुम्हाला वस्तूबद्दल काही सांगितलेलं नाही. दहापैकी आठ जाहिराती इथेच गळतात. (ही टक्केवारी माझी, कोणत्याही चाचणीत सिद्ध नाही.)

चित्राची गोष्ट आणखी अवघड, कारण चित्राला ‘पर्यंत’ लावता येत नाही. घड्याळाच्या जाहिरातीत काटे बहुधा दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास का असतात? तबकडीवरचं कंपनीचं नाव दोन काट्यांच्या कमानीत मोकळं दिसतं आणि तबकडी हसल्यासारखी वाटते. इथपर्यंत ठीक, सजावट आहे. पण १९५९ मध्ये अमेरिकेत कोलगेट-पामोलिव्हच्या (एकाच घरातलं दुसरं उदाहरण आलं, योगायोग समजा) रॅपिड शेव्ह या दाढीच्या क्रीमची टीव्ही जाहिरात आली. क्रीम इतकी ओलावा देणारी की खरखरीत सँडपेपरही भादरता येतो, असं ती म्हणायची. पडद्यावर सँडपेपरला क्रीम फासली, आणि रेझर एकदाच फिरताच सँडपेपर गुळगुळीत! प्रत्यक्षात तो सँडपेपर नव्हताच. प्लेक्सिग्लासच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या, तुकड्यावर वाळू पसरलेली होती. खरा सँडपेपर भादरता येत होता, पण त्यासाठी तो साधारण ८० मिनिटं भिजवावा लागत होता.

कंपनीची बाजू ऐकण्यासारखी आहे, कारण मी सेटवर असते तर मीही कदाचित हेच म्हटलं असतं: टीव्हीवर खरा सँडपेपर नुसत्या कागदासारखा दिसतो, म्हणून नकली वापरला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६५ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात लागला. निकालातला फरक बारीक आहे आणि माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा. आइस्क्रीम खाणारं कुटुंब दाखवताना दिव्यांच्या उष्णतेने ते वितळतं म्हणून वाटीत कुस्करलेला बटाटा ठेवला, तर हरकत नाही. तिथे कोणी काही सिद्ध करत नसतं. पण ‘स्वतःच्या डोळ्यांनी पुरावा बघा’ असं म्हणून नकली वस्तू दाखवली, तर ती फसवणूक. म्हणजे रिकामी जागा ठेवायला हरकत नाही. पुरावा म्हणून बनावट वस्तू पुढे करायची नाही.

मी स्वतः ही रेघ कुठे ओढते? बघणाऱ्याने मनात जे जोडलं त्यातलं त्याच्या गरजेचं ते खरं निघतं का, एवढंच मी बघते. श्लिट्झच्या वाचकाने जोडलेला ‘फक्त’ खरा नव्हता, पण त्याला हवी होती ती स्वच्छ बिअर, आणि ती खरंच स्वच्छ होती. केसांच्या जाहिरातीत टक्कल पडत चाललेला माणूस जे जोडतो ते खरं नसतं. सुटे शब्द तपासले तर दोन्ही निर्दोष. त्यामुळे ‘आमचा प्रत्येक शब्द खरा आहे’ असं कोणी छातीठोकपणे सांगू लागलं की मला हटकून चांदणी शोधावीशी वाटते. मी एकदा अशाच एका ओळीवर सही दिली होती. ओळ तांत्रिकदृष्ट्या चोख होती. आईने ती वाचून फोन केला आणि नेमका चुकीचा अर्थ मला आनंदाने वाचून दाखवला. पुढच्या बैठकीत मी ती ओळ बदलायला सांगितली. क्लायंट नाराज झाला, आणि ती तशीच छापली गेली.

किमतीच्या युक्त्या याच जातीच्या आहेत, फक्त तिथे शब्दांऐवजी आकडा मोकळा सोडतात. खोडलेली किंमत बघा. १०००वर काट आणि खाली ५९९. ‘४०१ वाचले’ हे गणित तुम्ही करता, आणि स्वतः केलेलं गणित गोड लागतं. १००० हा आकडा कुठून आला ते कोणी विचारत नाही. आमोस ट्वेर्स्की आणि डॅनिएल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक गमतीदार प्रयोग मांडला होता. लोकांसमोर एक चक्र फिरवायचं. ते मुद्दाम असं बनवलेलं की १० किंवा ६५ वरच थांबेल. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकेतले देश किती टक्के? चक्रावर १० आलेल्यांचा मधला अंदाज २५ निघाला, ६५ आलेल्यांचा ४५. चक्राचा आफ्रिकेशी काही संबंध नाही हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, तरी आकडा मनाला चिकटला. खोडलेली किंमत हे तेच चक्र.

दुसरी युक्ती तीन पर्यायांची. छोटी योजना, मोठी योजना, आणि मध्ये एक बुजगावणं: मोठीएवढीच महाग, पण देते कमी. ते कोणी घ्यावं म्हणून ठेवलेलंच नसतं. त्याच्याशेजारी मोठी योजना शहाणपणाची दिसावी यासाठी ते असतं. ह्यूबर, पेन आणि प्यूटो यांनी १९८२ मध्ये हे दाखवून दिलं. पुढच्या प्रयोगांत मात्र असंही दिसलं की पर्याय नुसत्या आकड्यांत मांडलेले असताना ही चाल चालते, वस्तू प्रत्यक्ष पाहिली-चाखली की फिकी पडते. म्हणून ती तक्त्यात मांडलेल्या योजनांच्या पानांवर जास्त भेटते.

‘फक्त २ शिल्लक’ आणि ‘ऑफर संपायला ०९:५९’ यांवर मी फार शाई खर्च करणार नाही. १९७५ च्या एका प्रयोगात बरणीत १० ऐवजी २च बिस्किटं ठेवली, तर लोकांनी ती जास्त हवीहवीशी आणि जास्त किमतीची ठरवली. गंमत म्हणजे चवीला जास्त चांगली ठरवली नाहीत! टंचाईने चव बदलत नाही, हाव बदलते. घड्याळ खरं आहे का बघायचं असेल तर पान बंद करून पुन्हा उघडा. पुन्हा ०९:५९ पासून सुरू झालं तर समजा. वेबसाइटवरच्या असल्या कावेबाज मांडणीला हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ असं नाव दिलं. माझ्या मते तिथे पटवणं संपतं आणि खिसेकापूपणा सुरू होतो.

प्रसिद्ध चेहऱ्यांबद्दलही लोक विचारतात: त्या नटाला या वस्तूतलं काय कळतं? काहीच नाही. पण तो कधी चालतो हे ठरलेलं आहे. पेटी, कासिओपो आणि शूमन यांनी १९८३ मध्ये वापरून फेकायच्या रेझरच्या जाहिराती दाखवून हे तपासलं. ज्यांना लवकरच रेझर निवडायचा होता त्यांच्यावर मुद्द्यांच्या दर्जाचा परिणाम झाला. ज्यांना काही पडलेलं नव्हतं त्यांच्यावर नावाजलेल्या चेहऱ्याचा. म्हणून जी वस्तू आपण विचार न करता उचलतो तिथे नट-खेळाडूंची गर्दी असते.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते, ‘माहीत असेल तर फसणार नाही ना?’ इथे सगळ्यांत कंटाळवाणी दिसणारी युक्ती आड येते: पुन्हा पुन्हा सांगणं. १९६८ मध्ये रॉबर्ट झायॉन्कने दाखवलं की अर्थ न कळणारी चिन्हंसुद्धा वारंवार दाखवली की लोकांना बरी वाटू लागतात. १९७७ मध्ये हॅशर आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं: दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीच विधानं पुन्हा कानावर पडली की ती जास्त खरी वाटतात. यावर कोणी म्हणेल, ज्याला विषय माहीत नाही त्याचं ते होत असेल. २०१५ मध्ये लिसा फेझिओ आणि सहकाऱ्यांनी नेमकं तेच तपासलं. त्यांच्या विधानांतलं एक होतं, ‘स्कॉटलंडचे लोक नेसतात त्या आखूड, चुणीदार स्कर्टला साडी म्हणतात.’ उत्तर माहीत असलेल्या माणसांनाही अशी खोटी विधानं पुन्हा वाचल्यावर आधीपेक्षा जास्त खरी वाटू लागली. ओळखीचं वाटणं आणि खरं वाटणं या दोन जाणिवा मनात शेजारी-शेजारी राहतात, आणि घाईत आपण एकीचं दार समजून दुसरीचं उघडतो.

आणि एकदा आत गेलेलं बाहेर काढणं महाकठीण. लिस्टरिन हे १९व्या शतकातलं जंतुनाशक. १९२० च्या दशकात कंपनीने वैद्यकीय शब्दकोशातला ‘हॅलिटोसिस’ हा अडगळीतला शब्द उचलला आणि तोंडाच्या वासाला आजाराचं रूप दिलं. तुमच्या तोंडाला वास येतो असं जाहिरात म्हणायची नाही. येत असेल तर जवळचे मित्रही सांगणार नाहीत, एवढंच म्हणायची. पुढचं ज्याने-त्याने पूर्ण केलं, रात्री उशीवर डोकं टेकल्यावर. रिकाम्या जागेचा इतका निर्दय वापर मला दुसरा ठाऊक नाही. याच लिस्टरिनने सर्दी आणि घसादुखी टळते असंही कैक वर्षं सांगितलं. शेवटी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ मध्ये आदेश दिला की सर्दी टाळायला किंवा कमी करायला याचा उपयोग होत नाही हे जाहिरातींतच सांगा, तेही साधारण १ कोटी डॉलरच्या जाहिराती होईपर्यंत. न्यायालयातही तो थोड्या फेरफाराने टिकला. खुलासा झाला, समज थोडा ओसरला, पण बऱ्याच जणांच्या मनातून गेला नाही.

जाता जाता एक भूत उतरवते. पडद्यावर डोळ्यांना न दिसणारे संदेश झळकवून माल खपवतात, ही कथा अजून फिरते. ती १९५७ मध्ये जेम्स व्हायकरी या अमेरिकी बाजार-सल्लागाराने उठवली: चित्रपट चालू असताना क्षणार्धाचे संदेश दाखवले आणि पॉपकॉर्नची विक्री ५७ टक्क्यांहून जास्त, कोका-कोलाची १८.१ टक्क्यांनी वाढली म्हणे. १९६२ मध्ये त्यानेच ती क्लृप्ती असल्याचं कबूल केलं. तो दशांश चिन्हानंतरचा १ मात्र बघून ठेवा. नुसतं ‘२० टक्के’ म्हटलं असतं तर इतक्या जणांनी विश्वास ठेवला असता का?

राहिली तुमची मुलगी. साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरात ही आपल्याला पटवण्यासाठीच केलेली असते हे नीट उमगत नाही. ती माहिती सांगते आहे असंच त्यांना वाटतं. ‘हे खोटं असतं’ असं सांगून उपयोग नाही, कारण ते बहुधा खोटं नसतंच, आणि एकदा वस्तू खरी निघाली की खोटे तुम्ही ठरता. मी करते तो खेळ करून बघा: तिला तिच्याच एखाद्या नावडत्या किंवा मोडक्या वस्तूची जाहिरात करायला सांगा, अट एकच, खोटं बोलायचं नाही. माझ्या भाच्याने सहाव्या वर्षी चारही चाकं निखळलेली खेळण्यातली मोटार निवडली होती. बराच वेळ तिच्याकडे बघत बसला, मग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘ही गाडी टेबलावरून कधीच घरंगळत नाही.’ खाली रंगीत खडूने एक सूर्यही काढला. धाकट्या बहिणीने ती गाडी दोन चांगल्या गाड्या देऊन घेतली.